म्हातारपणाचे घर कोणते?

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरलेली असतात. रत्नागिरी, चिपळूण, खेड या पट्ट्यातल्या मोहल्ल्यांमधून या वेळी फेरफटका मारला, तर एक दृश्य कुठे ना कुठे दिसतेच. दुमजली चिरेबंदी घर, अंगणात लादी, पुढे लोखंडी गेट. आत दस्तरखानावर मात्र एकच माणूस. बशीत तीन खजूर, पाण्याचा पेला, शेजारणीने पाठवलेली भजी. समोर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. पलीकडे कुवेत किंवा दुबई. तिथली अजान व्हायला अजून बराच वेळ आहे. मुलगा विचारतो, "अम्मी, आज काय केलंस?" आई म्हणते, "सगळं केलंय, तू काळजी करू नकोस." त्या घरात सहरीनंतर गॅस पेटलेला नसतो.

दोन आळ्या ओलांडल्या की हेच दृश्य वेगळ्या दिवशी दिसते. गणपतीत घर गजबजते, माजघरात पाय ठेवायला जागा नसते. विसर्जन झाले, चाकरमानी मुंबई-पुण्याला परतले, की पडवीत आजोबा आणि रेडिओ एवढेच उरतात. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष पोटासाठी बाहेर आहेत, हे सांगायला एवढा आकडा पुरे. त्याच जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे 10.4 कोटी होती. 2050 च्या आसपास दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे.

मग या माणसांनी राहायचे कुठे, आणि त्यांच्याकडे पाहायचे कोणी? हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात. एक, "आमच्यात तसलं चालत नाही." दुसरे, "वृद्धाश्रम." पहिल्या उत्तराला अभिमान चिकटलेला आहे, दुसऱ्याला लाज. या दोहोंच्या मध्ये निदान पाच-सहा वाटा आहेत. त्यांची चौकशी करणेही पाप वाटते म्हणून ती कोणी करत नाही. आणि मग एका रात्री आई न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, आणि जो निर्णय वर्षभर शांतपणे बोलून घ्यायचा तो इस्पितळाच्या बाकावर अर्ध्या तासात घेतला जातो. बहुतेक वेळा आईला न विचारता.

फिदया काय सांगतो

रमजानच्या नियमांतच या प्रश्नाकडे पाहण्याची एक रीत आहे. रोजा प्रत्येक सज्ञान, धडधाकट मुसलमानावर बंधनकारक आहे. पण जो म्हातारपणामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारामुळे रोजा धरू शकत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूच्या जेवणाची सोय करायची. यालाच फिदया म्हणतात. शरीर बदलले की कर्तव्याचे रूपही बदलते, आणि त्यात कमीपणा मानायचा नसतो. मात्र याला दुसरी बाजू आहे. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला पैसे देऊन रोज्यातून सुटता येत नाही. फिदया ही असमर्थाची सोय आहे. आळशाला तो लागू होत नाही.

आई-वडिलांच्या खिदमतीला हीच कसोटी लावून पाहावी. कुरआनात बनी इस्राईल या सूरहमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे कंटाळ्याचा साधा उद्गारही काढू नये, अशी ताकीद आहे. पंढरपूरचा विठ्ठल विटेवर थांबला तो पुंडलिकाची आई-वडिलांची सेवा आटोपेपर्यंत. या मातीतल्या दोन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात, आणि ती सेवा एकाच छपराखाली झाली पाहिजे असे दोन्हींपैकी कुणी बजावलेले नाही. ज्याला घरात सांभाळणे शक्य आहे त्याने पैसे भरून मोकळे होऊ नये. पण जिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री दोनदा कूस बदलवायची आहे, नळीने अन्न द्यायचे आहे, आणि घरात स्वतः साठीला टेकलेली एकच मुलगी आहे, तिथे प्रशिक्षित हातांची मदत घेणे म्हणजे कर्तव्य झटकणे नव्हे.

जकातीचा नियमही इथे बोलका आहे. स्वतःच्या आई-वडिलांना जकात देता येत नाही. कारण त्यांचा खर्च हा मुलावरचा हक्काचा बोजा आहे, दानधर्म नव्हे. आईच्या औषधाचा, आयाच्या पगाराचा किंवा निवासाच्या मासिक रकमेचा हिशेब "मी इतके केले" या सदरात मांडायचाच नसतो.

वाटा किती, कुणासाठी कुठली

पहिली वाट घरीच राहण्याची. बहुतेकांना हवी असते ती हीच, आणि बहुतेकांना ती पुष्कळ वर्षे पुरतेही. फक्त घराला म्हातारपणाची सवय लावावी लागते. न्हाणीघरात न घसरणारी फरशी, कमोडशेजारी आणि नळाखाली बसण्याच्या जागी भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांड्या, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, उंबऱ्याला उतार, आणि निजायची खोली तळमजल्यावर. आखातातून आलेल्या पैशात वरचा मजला चढतो, जिना सुंदर होतो, पण आईची खोली जिन्यावर आणि संडास परसात राहतो. एका मजल्याच्या खर्चाच्या तुलनेत या दुरुस्त्या किरकोळ आहेत.

घरी मदतनीस ठेवायची असेल तर आधी काम ठरवावे. स्वयंपाक आणि सोबत हवी की अंघोळ-कपडे-औषधे? की जखम, नळी, इंजेक्शन पाहणारी प्रशिक्षित परिचारिका हवी? तिन्ही कामे वेगळी आहेत. ब्युरोमार्फत घेतलेल्या बाईची ओळखपत्रे पाहावीत, पोलिस पडताळणी करावी, तिची सुट्टी आणि त्या दिवशीची बदली लिहून घ्यावी. तिला दिवसाकाठी विश्रांतीचे तास द्यावेत. बारा तासांच्या पगारात चोवीस तास राबवलेली बाई आजारी माणसावर चिडते, आणि ते दुबईच्या मोबाइलवर दिसत नाही.

दुसरी वाट दिवसापुरती. महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे आहेत. तिथे सकाळी जावे, वर्तमानपत्र वाचावे, कॅरम खेळावा, रक्तदाब मोजून घ्यावा, संध्याकाळी घरी यावे. मोठ्या शहरांत याच्या पुढची पायरी म्हणजे दिवसभराचे देखभाल केंद्र. घरातली माणसे नोकरीवर असताना विसराळूपणा वाढलेल्या आजोबांना तिथे सांभाळतात. घर सुटत नाही, आणि एकटेपणाही सोसावा लागत नाही.

तिसरी वाट स्वतंत्र ज्येष्ठ निवासाची, ज्याला आता सगळे सीनियर लिव्हिंग म्हणतात. वृद्धाश्रमाशी याची गल्लत होते, पण दोन्हींत फार अंतर आहे. इथे स्वतःचे कुलूप, स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचे पाहुणे. संकुलात जेवणाची खानावळ, साफसफाई, बोलावल्यावर येणारा डॉक्टर, खोलीत आणि न्हाणीघरात धोक्याची घंटा, सोबतीला समवयस्क. पुण्यात 'अथश्री'सारखे प्रकल्प गेली वीसेक वर्षे आहेत, आणि तिथे राहणारे अनेक जण कुणी टाकलेले नाहीत. मुलांवर अवलंबून राहायचे नाही, असे त्यांनी स्वतः ठरवलेले आहे. ही जागा चालत्या-फिरत्या माणसाची आहे. स्वतःची औषधे स्वतः घेता येतात, अंघोळ स्वतः करता येते, पण घराचा पसारा झेपत नाही, अशांनी तिचा विचार करावा.

चौथी वाट मदतीसह निवासाची. खोली स्वतःची, पण अंघोळ, कपडे, औषधे, चालणे यात रोज कुणाचा तरी हात लागतो आणि तो तिथे मिळतो. पाचवी शुश्रूषा केंद्राची, जिथे परिचारिका चोवीस तास असतात. पक्षाघातानंतर, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांसाठी, किंवा कायमचे अंथरूण धरलेल्यांसाठी ती असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची गरज आणखी निराळी. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा एका राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. "आजी वेड्यासारखं करते" म्हणून बाहेरून कडी लावलेल्या खोल्या प्रत्येक गावात आहेत. तो आजार आहे, त्याला निदान आहे, आणि त्याची देखभाल शिकून घ्यावी लागते, हे ठाऊक नसल्याने ती कडी लागते.

सहावी वाट अखेरच्या दिवसांची. बरे होणे शक्य नाही, पण वेदना कमी करणे शक्य आहे, अशा रुग्णांसाठी वेदनाशामक देखभाल असते. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारजे येथील सिप्ला फाउंडेशनचे केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी विनामूल्य घेते. अशा ठिकाणी जाणे म्हणजे आशा सोडणे, असे समजून लोक शेवटचे पंधरा दिवस अतिदक्षता विभागात आणि कर्जात घालवतात.

आणि वृद्धाश्रम? तोही आहेच. धर्मादाय, सरकारी अनुदानावरचे, आणि पैसे भरून राहायचे, असे सगळे प्रकार. ज्याला खरोखर कुणी नाही त्याच्यासाठी ते छप्पर मोलाचे आहे. पुण्याच्या नवी पेठेतला 'निवारा' चालवणाऱ्या संस्थेच्या नावात डेव्हिड ससून यांचे नाव आहे. बगदादहून येऊन मुंबईत व्यापार केलेल्या त्या यहुदी माणसाच्या एकोणिसाव्या शतकातल्या दानशूरपणातून उभ्या राहिलेल्या संस्थेत आजही मराठी आजी-आजोबा राहतात. निराधाराला आसरा देताना जात-धर्म विचारायचा नसतो, हा धडा जुनाच आहे.

सही करण्यापूर्वी

स्वतंत्र निवासात जागा तीन तऱ्हांनी मिळते. विकत, मोठी अनामत भरून हयातभर, किंवा महिन्याच्या भाड्याने. माहितीपत्रकातले बगीचे आणि योगवर्ग सगळीकडे सारखेच असतात. फरक करारात असतो. म्हणून सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न तोंडी विचारू नयेत, लेखी विचारावेत.

चालता येईनासे झाले तर इथेच राहता येईल का, की जागा सोडावी लागेल? हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. दोघांपैकी एक जण गेला तर दुसऱ्याचा हक्क काय? अनामत परत किती, किती दिवसांत, आणि कुणाला? मासिक देखभाल दर वर्षी किती वाढू शकते? वारसाला जागा मिळते, पण त्याचे वय कमी असेल तर त्याला तिथे राहता येते का, की फक्त विकता येते? रात्री दोन वाजता घंटा वाजवली तर कोण येते? रुग्णवाहिका कुणाची, आणि कुठल्या इस्पितळात नेते?

काही प्रश्न आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावातल्या माणसांना वेगळे विचारावे लागतात. खानावळ फक्त शाकाहारी आहे का? काही संकुलांत ती तशी असते. स्वतःच्या खोलीत मासळी शिजवता येईल का, हा प्रश्न कोकणातल्या हिंदू आजीलाही तितकाच जिव्हाळ्याचा आहे. रमजानमध्ये पहाटे चारला कुणी चहा-पोळी देईल का, एकादशीला साबुदाणा मिळेल का, जुम्याला मशिदीपर्यंत रिक्षा येईल का? या गोष्टी बारीक वाटतात. पण ऐंशीव्या वर्षी माणसाकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा एवढ्याच सवयी उरलेल्या असतात. आणि एखाद्या ठिकाणी नाव ऐकताच जागा "संपली" असे सांगितले जात असेल, तर ही सोय सगळ्यांसाठी आहे असे म्हणता येणार नाही. याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे, आणि ते बोलण्याचे काम केवळ नाव संपल्यामुळे परत आलेल्यांवर सोडू नये.

इमारतीबाबत आता थोडा आधार आहे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. 2024 मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले. लिफ्ट, चाकांची खुर्ची जाईल एवढे रुंद दरवाजे, न्हाणीघरात धरायच्या दांड्या, न घसरणारी फरशी, वीज गेल्यावर लिफ्ट चालू ठेवण्याची सोय अशा गोष्टी त्यात आहेत, आणि त्या विक्री करारात लिहिल्या जाव्यात असे अपेक्षित आहे. "ज्येष्ठांसाठी" अशी पाटी लावून साधेच सदनिका संकुल विकणाऱ्याला हा कागद दाखवता येतो. मात्र हा बांधकामाचा कागद आहे. आत मिळणारी माया, जेवणाची चव आणि रात्रपाळीच्या बाईचा स्वभाव पाहायला आठ-पंधरा दिवस तिथे राहूनच पाहावे लागते. चांगली ठिकाणे अशी तात्पुरती राहण्याची मुभा देतात.

पैशांचाही हिशेब आधी करावा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते आणि त्यावर वर्षाला कुटुंबागणिक 5 लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळातले उपचार होतात. पण ते इस्पितळात भरती झाल्यावर. घरची आया, निवासाची मासिक रक्कम, डायपर, फिजिओथेरपी यांना ते लागू नाही, आणि साध्या आरोग्य विम्यातही हा खर्च सहसा बसत नाही. गरिबांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. 65 वर्षांवरील निराधारांना महिना 1500 रुपये. श्रावणबाळाचे नाव दिलेल्या या रकमेत आज एका माणसाची औषधेही भागत नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

कायदा कुणाला जबाबदार धरतो

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 चा आहे आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. साठीपुढच्या व्यक्तीला मुला-मुलींकडून निर्वाह मागता येतो, मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकाकडून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि निर्वाहाची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचे निवासगृह असावे, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यात ते आहे का, हा प्रश्न प्रत्येक लोकप्रतिनिधीला इफ्तार पार्टीच्या मंडपातच विचारायला हरकत नाही. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत मदतक्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घरात भिंतीला लावावा.

याच कायद्याचे 23 वे कलम प्रत्येक आई-वडिलांनी घर नावावर करण्यापूर्वी समजून घ्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्य मार्गाने मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. पण अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2025 मधल्या दुसऱ्या एका प्रकरणात, मुलाने लिहून दिलेल्या वचनाचा आधार घेत, याच न्यायालयाने आईने केलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. दोन्ही निकालांचा धडा एकच, लिहून ठेवा. मुसलमान घरांत हिबा अनेकदा चार माणसांसमोर तोंडी होतो आणि ताबाही लगेच दिला जातो. तोंडी हिबा कायद्याने चालतो, पण नंतर "सांभाळायचं ठरलं होतं" हे सिद्ध करणे कठीण जाते. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय राहते घर हातचे सोडू नये. तसेच मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे सगळे झाले, असे नाही. देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्राचा जोर संपतो. बँकेची आणि घराची व्यवस्था समज शाबूत असतानाच लावावी लागते.

या कायद्यातली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यात मुलगा येतो, मुलगी येते, सज्ञान नातवंडे येतात. सून येत नाही. शरियतही सासू-सासऱ्यांच्या सेवेची कायदेशीर सक्ती सुनेवर करत नाही, ती तिची भलाई मानली जाते. प्रत्यक्षात काय होते? रमजानमध्ये पहाटे साडेतीनला उठून सहरी कोण करते, सासऱ्यांचे डायपर कोण बदलते, दुपारी मुलांचा डबा आणि संध्याकाळी पंधरा जणांची इफ्तारी कोण पाहते? "आमच्यात वृद्धाश्रम चालत नाही" हे वाक्य जे पुरुष छातीवर हात ठेवून म्हणतात, त्यांच्यापैकी कितींनी वडिलांना स्वतःच्या हाताने अंघोळ घातली आहे? घरी सांभाळायचे असे ठरले, तर कामाची वाटणी मुला-मुलींत व्हावी. परदेशातल्या भावाने निदान मदतनीसाचा पगार द्यावा, जवळच्या बहिणीने आठवड्यातले दोन दिवस घ्यावेत, आणि जी चोवीस तास करते तिला वर्षातून पंधरा दिवस खरीखुरी सुट्टी मिळावी. काही शुश्रूषा केंद्रे अशा सुट्टीपुरतेही रुग्णाला ठेवून घेतात.

गावाने करायचे काम

ही सगळी सोय पुण्या-मुंबईत आहे, आपल्या गावात काय, असा प्रश्न उरतो. तो रास्त आहे. प्रत्येक गावात संकुल उभे राहणार नाही, राहायला नकोही. पण तीन गोष्टी कुठल्याही तालुक्याच्या गावाला शक्य आहेत. चाकांची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारा पलंग, हवेची गादी अशा वस्तू अनामत घेऊन वापरायला देणारे केंद्र. अशी केंद्रे राज्यातल्या कित्येक गावांत ट्रस्ट आणि मंडळे चालवतात. दुसरी, दिवसभराचे विरंगुळा केंद्र. शाळेची, समाजमंदिराची किंवा जमातखान्याची एखादी खोली सकाळी दहा ते पाच मोकळीच असते. तिसरी, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी आणि रोज सकाळी एक फोन. हे काम महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सहज करू शकतात.

मोहल्ल्यांतल्या जमाती मदरसे, शाळा, कब्रस्तान यांवर मनापासून खर्च करतात. बुजुर्गांसाठी स्वतंत्र तरतूद मात्र क्वचितच दिसते. या रमजानमध्ये ती सुरू व्हावी. खोली आणि साहित्य यासाठी लिल्लाह निधी, आणि ज्या गरजू म्हाताऱ्यांना कुणी नाही त्यांच्या औषधपाण्यासाठी जकात, असा मार्ग आपापल्या आलिमांना विचारून काढता येईल. देवस्थान ट्रस्ट आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी हात दिला, तर ते केंद्र सगळ्या गावाचे होईल. म्हाताऱ्या गुडघ्यांचे दुखणे मोहल्ल्यात आणि पेठेत सारखेच असते.

ईदला माणसे घरी येतील. आखातातून, मुंबईहून, पुण्याहून. शीरखुर्मा होईल, नवे कपडे होतील, फोटो निघतील, आणि चौथ्या दिवशी सामान बांधायला सुरुवात होईल. त्याआधी अर्धा तास काढावा. सगळी भावंडे एकत्र बसावीत, सुनाही बसाव्यात, आणि आईला किंवा वडिलांनाच विचारावे: तुम्हाला कुठे राहायचे आहे? आता कशाकशाला मदत लागते? उद्या उठता येईनासे झाले, तर काय केलेले तुम्हाला आवडेल? जे ठरेल ते वहीत लिहावे, पुढच्या ईदला पुन्हा उघडावे.

आई बहुधा म्हणेल, "माझं सगळं ठीक आहे, तुम्ही तुमचं बघा." तेवढ्यावर उठू नये. पुन्हा एकदा विचारावे.